लग्नातला शेला

"घरटी एक कापड!" स्पेनच्या राजाचा कास्तिली शिपाई दारातूनच ओरडला. "नाहीतर घरच्या पुरुषाला पंचवीस फटके."

होनमानानं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या पाठीवरचे मागच्या फटक्यांचे वळ अजून ओले होते. कापड आणायचं कुठून? पुरुषांचे माग असायचे जमिनीखालच्या देवघरात, आणि ते देवघर पाद्रीनं मागांसकट वाळूनं बुजवलेलं. आणि आता हेच कापड मागतायत! लाज म्हणून नाहीच मेल्यांना.

"तो शेला दे," कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली.

"आई, वेड लागलंय का तुला?"

म्हातारीच्या, तलासमानाच्या, लग्नात तिच्या सासऱ्यानं स्वतः विणलेला तो पांढरा शेला. चाळीस वर्षं बोरूच्या चटईत गुंडाळून जपलेला. बाईनं मरताना तो अंगावर घ्यायचा, तरच पूर्वजांच्या गावी पोचता येतं. नाहीतर वाटेतच भटकत राहायचं. आणि म्हातारीचे तर दिवस भरत आले होते.

"देऊ नका, सासूबाई," जावई म्हणाला. "मी खातो फटके. सवय झालीय."

"गप रे! मोठा आलाय फटके खाणारा. तू मेलास तर मका कोण पेरील, पाद्री?"

शिपायानं शेला नेला. म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं आणि चार दिवस घासाला शिवली नाही.

पाचव्या दिवशी होनमाना पाद्रीच्या देवळातून आली ती रडतच. शेला तिथं होता. पाद्रीनं तो चौथऱ्यावर अंथरून वर आपला लाकडी देव उभा केला होता.

"मला तिथं न्या," म्हातारी म्हणाली.

बारा वर्षं गुडघ्याचं निमित्त सांगून तिनं ते देऊळ टाळलं होतं. जावयानं तिला पाठुंगळीला घेतलं आणि चौथऱ्यापाशी नेऊन ठेवलं. तिला धाप लागली होती. शेल्याचं टोक तिनं दोन्ही मुठींत धरलं.

शिपाई पुढं धावला. पाद्रीनं त्याला अडवलं. पाद्रीचे डोळे भरून आले होते. "राहू दे रे. शेवटी आली शरण!" तो तिच्याजवळ वाकला. "आजी, काय मागायचंय देवापाशी? सांग, मी सांगतो त्याला."

"मागायचं काय त्यात?" म्हातारी म्हणाली. "जरा खाली उतर म्हणावं. मला निघायचंय."