घड्याळ-दोन आवश्यक

वसुधाआत्याच्या कृत्रिम मूत्रपिंडात सॉफ्टवेअरची एकवीस पॅकेजेस होती आणि त्यांतली वीस चालू होती. एकविसावं, रक्त गाळणारं, काल दुपारपासून बंद पडलं होतं. त्याच्या वर्णनात ‘घड्याळ-दोन आवश्यक’ असं लिहिलेलं होतं आणि घड्याळ-दोन हे जुनं पॅकेज कालच सॉफ्टवेअरच्या सामायिक भांडारातून काढून टाकलं होतं. आत्याचे पाय सुजले होते.

“पण तुमच्या कोडमध्ये घड्याळ-दोन कुठेच नाही!” तिची भाची शर्वरी फोनवर ओरडली.

“सहा वर्षांपूर्वीच काढलं ते,” गाळणीचं पॅकेज सांभाळणारा नंदन म्हणाला. “वर्णन आम्ही मागच्या आवृत्तीचंच उचलतो. ते कोण वाचतंय?”

“मूत्रपिंड वाचतं! वाचतं आणि गाळणी बंद करतं. चौदा आवृत्त्या काढल्यात, एकदाही ती ओळ दिसली नाही?”

“अगं, ओरडू नकोस त्याच्यावर,” आत्या खाटेवरून म्हणाली. “फुकट करतो बिचारा.”

“फुकट करतो म्हणून खोटं लिहायचं?”

“उद्याच्या बैठकीत मांडतो,” नंदन म्हणाला.

शर्वरीने फोन आत्याच्या तोंडाजवळ धरला. नंदनला तिचा घरघरणारा श्वास ऐकू गेला. मग पलीकडून कळफलकाचा आवाज आला.

“ओळ खोडली,” तो म्हणाला. “नवी आवृत्ती चढवतोय.”

तीन मिनिटांत ती मूत्रपिंडात उतरली आणि गाळणी सुरू झाली. दुपारी चार वाजता आत्याने मापाच्या भांड्यात लघवी केली. कालपासूनची ती पहिलीच; बावीस मिलिलिटर भरली.