घरामागचं घर

"पाय जोरानं मारा," मनकर्णा म्हणाली. "गारा तुडवून राह्यले का नाचून राह्यले?"

"पाय हायेत ते एवढेच," म्हणत दौलतनं धोतर आणखी वर खोचलं आणि चिखलात पुन्हा पाय टाकला. साठी उलटलेल्या माणसाला भिंतीसाठी गारा तुडवणं म्हणजे काही खेळ नाही. पण गेल्या दोन वर्षांत बायको असं काही बोललीच नव्हती. शिव्या खाताना त्याला बरं वाटत होतं.

लेकाच्या स्लॅबच्या घरामागे, लिंबाच्या सावलीत, दोघं नवरा-बायको आपल्या हातानं एक खोली बांधत होते. माती कुठून आणायची चिंताच नव्हती. अडुसष्ट साली, हा लेक खुशाल पोटात असताना, दोघांनी असंच हातानं एक घर बांधलं होतं. दोन वर्षांपूर्वी स्लॅबसाठी ते पाडलं, तेव्हा त्याच्या भिंतींचा ढीग मागेच पडून राहिला होता. तीच माती भिजवली, त्यात गव्हाचा भुसा टाकला आणि रात्रभर मुरू दिली.

तेव्हा दौलत पाटलाकडे सालदार होता. उजाडायच्या आत भिंतीचं काम करायचं आणि मग पाटलाच्या शेतावर पळायचं. तो खालून गोळे फेकायचा; ती पोट सांभाळत भिंतीवर बसून झेलायची आणि तिथूनच त्याचा उद्धार करायची. त्या घरात मातीपेक्षा भांडणंच जास्त रचली गेली असतील. काय दिवस होते! तेव्हा एक थर हातभर चढायचा. आता चार बोटं चढला तरी दोघं एकमेकांकडे बघून हसत. होळीनंतर काम धरलं होतं आणि भिंत आत्ता कुठं गुडघ्याला लागली होती.

स्कूटर वाजली. खुशाल इचोड्याच्या शाळेत मास्तर. सकाळची शाळा सुटली की तो जेवायला घरी यायचा. आज घरात न जाता तडक मागेच आला.

"बाबा, हे काम आज बंद करा."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? हाटेलात लोक विचारून राह्यले, सार, बुढाबुढीले वेगळं काढलं का? आज तर हेडमास्तरनं बी विचारलं. मी शाळेत तोंड कसं दाखवू?"

दौलतचे पाय चिखलातच थांबले. पोराचं काही चुकत नव्हतं. दोन वर्षं आईबापाला त्यानं राजासारखं ठेवलं होतं. खोलीत पंखा, दोन वेळा गरम जेवण. सून तर अशी की दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. मनकर्णा चुलीकडे, म्हणजे गॅसकडे वळली की ती हात धरून म्हणायची, "आत्याबाई, तुमी बसा." गावाला नाव ठेवायला जागा नव्हती. ती जागा आता या दोघांनी स्वतःच करून दिली होती.

"स्लॅब लय तापते रे," दौलत म्हणाला. "तुही माय म्हणे, झोप नाई लागत."

"मंग कूलर आणतो. उद्याच आणतो. पण हे पाडून टाका."

दौलतनं मनातल्या मनात भिंत पाडूनही टाकली. लेकाच्या इज्जतीपुढे एक खोली ती काय! बायकोला कसं सांगावं म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं, तर ती कोपऱ्यात पाठमोरी बसून ओल्या मातीवर हात फिरवत होती. भिंत गुडघ्याएवढी, वर आभाळ, आणि बाईनं चूल घालायला घेतली होती.

"अवो, छपराचा पत्ता नाई अन् चूल आधी?" त्याच्या तोंडून गेलंच.

मनकर्णा वळली. "स्लॅब तापते हे मी यायले सांगतलं होतं," ती दौलतकडे हात करत लेकाला म्हणाली. "तसं सांगतलं नसतं तर बुढा जागचा उठला नसता."

"मंग कमी काय हाये माय तिथं?" खुशालचा आवाज चढला. "सांग ना, काय कमी केलं आमी?"

"काईच नाई, बाबू. सोन्यासारखी सून हाये. पण दोन वर्षं झाले, मी तुले जेव म्हणलं नाई. कसं म्हणू? ताट तुहं, भाकर तुही." ती थांबली. चुलीच्या कडेवरचा खडा तिनं नखानं काढून टाकला. "लेकाले आपल्या घरी जेवाले बोलवावं वाटते मले. त्याच्यासाठी आपलं घर लागते."

इतके दिवस दौलत हिच्या हाताखाली गारा तुडवत होता आणि घर कशासाठी चाललंय हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

खुशालनं स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"कोणी विचारलं तर सांगजो," मनकर्णा म्हणाली, "मायनं जेवाले बोलावलं म्हणून."

भिंत कुठूनही ओलांडता आली असती. खुशाल मात्र पूर्ण वळसा घालून पलीकडे गेला, जिथे दारासाठी दोन हात जागा सोडली होती. तिथं त्यानं चपला काढल्या, ओळीनं ठेवल्या आणि आत आला.

मनकर्णानं घाईघाईनं पदराला हात पुसले.

"ये, बस," ती म्हणाली. "पानी आणते."