पायलसाठी शाळा

बसा जरा, प्रभावतीबाईची गोष्ट सांगतो. तिची पायल सातवी पास झाली. गावात आठवी नाही, म्हणून बाई तालुक्याच्या दोन्ही सरकारी शाळा पाहाले गेलती.

पहिल्या शाळेत हेडमास्तरनं निकाल सांगतला, कॉम्प्युटर दाखवले.

"ते राहू द्या सर, पोरींचं संडास दाखवा."

त्याले हे मोठं कुलूप! "आत चकाचक आहे बाई. पण तपासणीले साहेब आले का मगच उघडतो. पोरी घाण करतात ना."

दुसऱ्या शाळेत कुलूप नव्हतं, दारही नव्हतं. बाईनं पदर नाकाले लावून आत डोकावलं अन् तिथंच भडाभडा ओकली.

शाळा सुटून राह्यली होती. तिनं एका पोरीले थांबवलं, "तुम्ही कुठं जाता वं मंग?"

"जातच नाही मावशी. सकाळपासून पाणीच पेत नाही आम्ही. त्या कुलूपवाल्या शाळेतल्या पोरीही तसंच करतात."

"थू तुमच्या शाळेवर!" म्हणत बाई घरी आली. जुलै सरत आला, पायल घरीच आहे.

तुम्ही चार गावं फिरता. पोरी पोटभर पाणी पेतात अशी एखादी शाळा दिसली, त तिले सांगजा बापा.