चाळीस प्रती

ओहायोतल्या त्या विद्यापीठात स्त्रीवादाच्या नवख्या विद्यार्थ्यांसाठीची वाचनयादी गेली बावीस वर्षं सेक्रेटरी डार्लीन टाइप करत आली होती. कर्मचाऱ्यांना एक वर्ग विनामूल्य असतो, विभागप्रमुखांची सही तेवढी लागते. यंदा तिने धीर एकवटून त्याच स्त्रीवादाच्या वर्गासाठी अर्ज पुढे केला.

"मॅडम, मंगळवारचा एकच तास आहे."

"अगं, तू वर्गात बसलीस तर फोन कोण घेणार? तुझ्यावाचून आमचं पान हलत नाही बाई!" विभागप्रमुख प्राध्यापक व्हिटलॉक हसल्या. त्यांनी अर्ज तसाच परत केला, आणि यादीत नव्याने घातलेल्या स्वतःच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण चाळीस प्रती काढायला तिच्या हाती दिलं.

झेरॉक्स यंत्राच्या सरकत्या उजेडात डार्लीनने वाचलं :


'आमच्याच कार्यालयातली एक बाई बावीस वर्षं ही यादी टाइप करते आहे. यातलं काही शिकावं, असं तिला कधी वाटलंच नाही.'