देवक बसेपर्यंत

आत्मारामला हल्ली शिंगं फुटली होती. तारऑफिसात उमेदवारीला लागल्यापासून मेला घरात पाहुण्यासारखा वावरायचा. जेवताना पाटावर बोटांनी कटकट वाजवायची, आणि काही विचारलं की, "काकू, ऑफिसातलं घरी बोलायचं नसतं. शपथ घेतल्ये मी." पावसाळ्यापर्यंतची उमेदवारी, तीही बिनपगारी, आणि तोरा मामलेदाराचा! बापामागे ह्याला वाढवला मथुराकाकूंनी. तारमास्तरांच्या दारी फणस घेऊन गेल्या त्याही मथुराकाकूच.

आज तर त्याने ताळच सोडला. उद्या नातीचं, वासंतीचं लग्न. दाभोळचे व्याही शेजारी उतरलेले. आणि हा अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आला तो मांडवात न शिरता सरळ मागच्या विहिरीवर गेला. भटजींनी देवकासाठी आंब्याचा टहाळा मागितला, तर ह्याने तो लांबूनच जमिनीवर ठेवला आणि मागे सरला.

"हातात दे की, शिंच्या! हात झडले काय?"

आत्माराम कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी जाऊन उभा राहिला. तेव्हा काकूंनी त्याच्याकडे धड पाहिलं. धोतर निथळत होतं. सदराही निथळत होता.

अंगावरच्या कपड्यांनिशी माणूस एकाच प्रसंगी अंघोळ करतो. आपल्यातलं कुणी गेल्याचं कानावर आलं म्हणजे.

मुंबईला इस्पितळात काकूंचा धाकटा मुलगा दत्तू विषमज्वराने पडला होता. उतार आहे, असं परवाच कळलं होतं.

काकू गडग्याकडे निघाल्या. चाल त्यांनी मोडू दिली नाही.

"काकू, शिवू नका मला," आत्माराम हळू म्हणाला.

दत्तूचं नाव काकूंच्या ओठांवर आलं. विचारलं असतं तर पोराने सांगितलंही असतं. शपथेपेक्षा काकू त्याला जवळची. पण सांगितलं की घराला सुतक, आणि सुतकात देवक बसायचं नाही. वासंतीचं एक लग्न ठरून मोडलेलं. दुसरं मोडलं तर तिसरा कोण येणार होता? एकदा देवक बसलं की मग कसलीही बातमी येवो, लग्न अडत नाही. शास्त्रच आहे तसं. दुसऱ्यांच्या घरी हे शास्त्र काकूंनीच किती वेळा ठणकावून सांगितलं होतं.

त्यांनी नाव गिळलं.

"तारेचा शिपाई कुठाय?"

"बंदरावर गेलाय." आत्मारामने मान खाली घातली. "तिथनं इकडेच येईल."

काकू मागे वळल्या. "भटजी, गप्पा पुरे! भिकाजी, बस पाटावर. सूनबाई, तुम्हीही."

थोरला भिकाजी, वासंतीचा बाप, खुशीत होता. "आई, उद्या अक्षता पडल्या की दत्तूला तार करू या हो. आतू आहेच आपला, तारमास्तर!"

"करू," काकू म्हणाल्या.

"या ना, आधी देवाला हात जोडा," सूनबाई म्हणाली.

"तुम्ही जोडा. माझे हात चुलीच्या राखेचे आहेत."

त्या मांडवाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. मंत्र संपता संपेनात. दर वेळी भटजी श्वास घ्यायला थांबले की काकूंचे कान रस्त्याकडे लागत. आपल्या पोराची बातमी उशिरा यावी म्हणून त्या देवाला विनवत होत्या, आणि विनवायलासुद्धा त्यांना हात जोडता येत नव्हते.

देवक बसलं. भिकाजीने डोकं टेकलं. कुणीतरी साखर वाटायला घेतली.

गडग्याबाहेर खाकी डगला दिसला. भिकाजी उठू लागला.

"तू बस. मी बघते," काकू म्हणाल्या.

शिपायाने सही मागितली. काकूंनी अंगठा पुढे केला. पाकीट उघडायला कुणाला दिलं नाही. तसंच कनवटीला खोचलं.

आत्माराम अजून तिथेच उभा होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्याच्या ओल्या खांद्यावर काकूंनी हात ठेवला. आता शिवायला हरकत नव्हती.

"शिकलास हो, आतू," सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "सरकार आता तुला सोडायचं नाही."