ट्राउट, द्राक्षं आणि उजवी बाजू

“द्राक्षं डावीकडे गेली, तर नातीच्या बाप्तिस्म्याला मी येणार नाही,” बरीशा म्हणाला.

“आणि मासा डावीकडे गेला, तर मी त्या दिवशी नदीवर जाऊन बसेन,” लोव्रे म्हणाला.

नेवेन्काने कपाळाला हात लावला. ती या शहराची महापौर. बरीशा तिचा बाप, लोव्रे तिचा सासरा, आणि दोघंही नगरसभेत. म्हणजे घरीही हेच आणि कचेरीतही हेच.

नदीच्या दोन काठांवरची दोन गावं एक करून हे शहर झालं होतं. वरच्या काठाला द्राक्षमळे, खालच्या काठाला ट्राउट मासा. शहर झालं म्हणजे झेंडा हवा, झेंड्यावर चिन्ह हवं. पहिल्या वेळी यांनी ढालीवर शहराचं नावच लिहिलं. चिन्हं मंजूर करणाऱ्या, राजधानी झाग्रेबच्या समितीने कळवलं, ढालीवर अक्षरं चालत नाहीत. मग कुणीतरी ट्रॅक्टर काढला. तोही परत आला. शेवटी समितीनेच वैतागून चित्र काढून दिलं: निळं कापड, मधोमध ढाल, अर्ध्या ढालीत मासा, अर्ध्या ढालीत द्राक्षं. कुठलं कुठे, ते तुमचं तुम्ही ठरवा. इथेच घोडं अडलं. मानाची बाजू उजवी, आणि मान कोण सोडतो?

त्या भांडणापासून बरीशाने पूल ओलांडला नव्हता. लेकीचं घर खालच्या काठाला. नातीला त्याने फक्त फोनवर पाहिलं होतं.

“दोघांनाही उजवी बाजू मिळेल,” नेवेन्का उठत म्हणाली. “सेंट रोकच्या सणाला आपापल्या काठावर उभे राहून बघा. नाही मिळाली, तर मी राजीनामा देते. सुटले एकदाची.”

सभा हसली. तिला हसू आलं नाही. बाप्तिस्माही त्याच दिवशी होता.

सणाच्या सकाळी पुलाच्या मधोमध दोर आडवा बांधून झेंडा सोडला होता. कापड पातळ, एका अंगाचं चित्र दुसऱ्या अंगाला उलटं होऊन आरपार दिसत होतं. वरच्या काठाने पाहिलं, द्राक्षं उजवीकडे. खालच्या काठाने पाहिलं, मासा उजवीकडे. दोन्हीकडे टाळ्या वाजल्या. पाद्रीबाबांनी मधे उभं राहून शहाण्यासारखं दोन्ही बाजूंवर पाणी शिंपडलं.

मग खालच्या काठावरून भाजत्या कोकराचा वास सुटला. बाप्तिस्मा आणि जेवण तिकडेच, म्हणजे नेवेन्काच्या बापाला पूल ओलांडावा लागणार होता. ओलांडला की मागची बाजू दिसणार होती.

बरीशा आला. नवा सदरा, हातात वाइनचा कॅन. झेंड्याखालून पलीकडे गेला, थांबला आणि मागे वळला. मासा उजवीकडे होता. पुलाच्या टोकाला नेवेन्का बाळाला घेऊन उभी होती, शेजारी लोव्रे. तिने डोळे मिटून घेतले.

“झेंडा उलटा दिसतोय, व्याहीबुवा,” बरीशा म्हणाला.

“मग?” लोव्रेने छाती पुढे काढली.

“मग काय? तुमच्या काठावरून सगळं उलटंच दिसणार.” त्याने कॅन लोव्रेच्या हातात कोंबला आणि दोन्ही हात पुढे केले. “आण इकडे ती पोर.”