चोवीसशेची रॅम

"बत्तीसशेची नको. चोवीसशेची दे," मच्छिंद्र म्हणाला.

आफताबने काउंटरवरून मान वर केली. बुधवार पेठेतल्या त्याच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक नेहमी जास्त स्पीडची रॅम मागतं, आणि वर भाव कमी कर म्हणतं. कमी स्पीडची हट्टाने मागणारा हा पहिलाच.

"काका, तुमच्या कॉम्प्युटरमधली आधीची बत्तीसशेची आहे ना? मग जोडीला तीच घ्या. दोन वेगळ्या स्पीडच्या एकत्र घातल्या तर..."

"म्हायती हाय मला काय हुतं ते. द्यायची का न्हाई, तेवढं सांग."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. आफताबने ती हिरवी पट्टी डबीत घालून दिली.

मच्छिंद्रला खरंच माहीत होतं, म्हणजे तसं त्याला वाटत होतं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने मागे एकदा त्याच्यापाशी रडगाणं गायलं होतं. वेगळ्या स्पीडच्या दोन रॅम घातल्या आणि मशीन ऐन कामाच्या वेळी हँग झालं म्हणे. एरवी भाडेकरूचं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडणाऱ्या मच्छिंद्रने हे मात्र नीट लक्षात ठेवलं.

कारण तेजस्विनीला, त्याच्या एकुलत्या एक पोरीला, हॅम्बुर्गच्या एका कंपनीची परीक्षा घरून द्यायची होती. ऑफिसचा लॅपटॉप दुसऱ्या कंपनीच्या परीक्षेला वापरता येत नाही, म्हणून घरचा जुना कॉम्प्युटर. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नाही, आणि मधेच बंद पडलं की बाद. पास झाली की पोरगी जर्मनीला जाणार. अजून एक रॅम टाकायला हवी, असं तीच म्हणाली होती. "मी आणतो, तसंबी पेठेत जायचंच हाय," म्हणत त्याने ते काम अंगावर घेतलं.

विजयमाला, त्याची बायको, गेली तेव्हा तो रडला नव्हता. नंतरही नाही. तेजस्विनी ताट वाढायची, तो जेवायचा. ती चहा ठेवायची, तो प्यायचा. पोरगी जर्मनीला गेली की हडपसरच्या त्या घरात त्याच्याशी बोलायला भिंतीच उरणार होत्या. तोंडाने मात्र तो "जा गं बाई, तुझं चांगलं हुतंय" असंच म्हणत राहिला. नको जाऊस, एवढं साधं बोलणं काही त्याला जमलं नाही. ते काम त्याने रॅमवर सोपवलं.

रॅम तेजस्विनीनेच बसवली. मग डबी उलटसुलट करून तिच्यावरचा आकडा आणि दुकानाचं नाव वाचलं.

"चालंल ना?" त्याने विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी ती दार लावून बसली. मच्छिंद्र बाहेर पेपर धरून बसला, एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. अर्ध्या वेळातच दार उघडलं.

"बंद पडलं, पप्पा."

"म्हंजी?"

"हँग झालं. संपलं आता, दुसऱ्यांदा घेत नाहीत ते." तिने केस वर बांधले. "भाकरी टाकू का पोळ्या करू?"

"काय बी कर."

तिने भाकरी टाकल्या. दोघं जेवले. मच्छिंद्रला वाटलं होतं, जीव भांड्यात पडेल. तसलं काही झालं नाही. दात काढताना जबडा बधिर करतात ना, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं.

तेजस्विनी रडली नाही, चिडली नाही, कुणाला बोल लावला नाही. सकाळी स्कूटीवर ऑफिसला जायची, संध्याकाळी येताना भाजी आणायची. एका सुट्टीच्या दिवशी तिने भिंतीवर चिकटवलेले जर्मन शब्दांचे कागद उतरवले आणि चिकटपट्टीचे डाग ओल्या फडक्याने पुसत बसली. मच्छिंद्र दारातून बघत होता. कित्येक महिन्यांनी त्याला काहीतरी वाटलं, आणि वाटलं ते हेच, की आपण पोरीचं वाटोळं केलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्याने कॉम्प्युटरचा डबा उचलून रिक्षात घातला आणि बुधवार पेठ गाठली.

"लिहून दे," तो आफताबला म्हणाला. "दुकानाच्या लेटरहेडवर, शिक्का मारून. आमच्याकडनं चुकीची रॅम गेली, म्हणून मशीन बंद पडलं. पोरीचा दोष न्हाई. त्या कंपनीला पाठवतो, पाया पडतो त्यांच्या. एकदा बसू देतील तिला परत."

आफताबने डबा काउंटरवर घेतला. त्याने वायरी जोडल्या, दोन्ही रॅमची तपासणी लावली, चहा मागवला. चहा पिऊन झाला, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, तरी मशीन आपलं चालूच.

"काका, त्या दिवशी तुम्ही मला पुरतं बोलू दिलं नाहीत," तो म्हणाला. "कधी कधी अडतं मशीन, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा एवढंच होतं, की जोरात चालणारी रॅम हळू चालणारीच्या स्पीडने चालायला लागते. तुमचं तसंच आहे. हे बघा, एकसुद्धा एरर नाही. हे हँग होणारं मशीन नव्हे."

"पोरगी तर म्हणती झालं."

"पण रॅममुळे झालं, असं मी खोटं कसं लिहून देऊ?"

"आरं, तिला कुठं म्हायती आसतंय त्यातलं."

आफताबने एक वायर काढून हातावर गुंडाळली. बोलावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

"ताईंना माहीत होतं, काका. परीक्षेच्या आधी त्या हेच मशीन घेऊन आल्या होत्या. मी असंच चालवून दाखवलं. म्हटलं, बिनधास्त बसा परीक्षेला, काही होत नाही याला."

"मग?"

"मग काही नाही. निघताना त्यांनी विचारलं, ही रॅम तुमच्याकडून चुकून दिली गेली का. मी म्हटलं, नाही ताई, तुमच्या पप्पांनीच हट्टाने मागून नेली."